घराला जुंपलेले बैल

आमच्या कचेरीत दोन प्रकारच्या खुर्च्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी लाकडी, आणि साहेबांसाठी खाली चाकं असलेली, गरगर फिरणारी. बाबा, म्हणजे माझे वडील नव्हेत, गावातले सगळेच ज्यांना बाबा म्हणत ते म्हातारे लोहार, पहिल्यांदा आले तेव्हा शिपायानं त्यांना लाकडी खुर्ची दाखवली. त्यांनी खाली वाकून तिचे चारही पाय पाहिले, नको म्हणून मान हलवली आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन साहेबांच्या खुर्चीत बसले. साहेब जेवायला गेले होते म्हणून बरं. मी धावत गेले तर बाबा पायानं जमिनीला रेटा देऊन खुर्ची भिंतीपर्यंत नेत होते आणि परत आणत होते.

"बाबा, उठा. साहेबांची खुर्ची आहे ती."

"तुया साहेब आमच्यातला हाय काय?" त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं. "चाकावर बसते म्हून इचारलं."

मी तेव्हा घाटंजीकडच्या त्या कचेरीत नवी कोरी ज्युनियर इंजिनियर होते. आमच्या घरात तीन पिढ्यांची कारकुनी. माणूस कचेरीत आला की आधी अर्ज करतो, मग बसतो, अशा समजात मी वाढलेली. बाबांनी अर्ज केलाच नव्हता. त्यांच्या नावानं अर्ज त्यांच्या बायकोनं केला होता आणि त्यांना फक्त अंगठा लावायला पकडून आणलं होतं. ती बाहेर पायरीवर बसली होती, धिप्पाड, दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधलेली. मी तिला पहिल्या दिवसापासून माय म्हणायला लागले. अर्ज घरकुलाचा होता.

बाबा गाडीलोहार. म्हणजे बैलगाडीत भाता, ऐरण, घण, भांडीकुंडी आणि बायको घालून गावोगाव फिरणारे आणि रस्त्याच्या कडेला भट्टी पेटवून विळे, कुऱ्हाडी, वखराच्या लोखंडी पासा घडवणारे. त्यांच्या घराण्यात फार जुनी शपथ होती. कुठला तरी किल्ला हातचा गेला, तेव्हा पूर्वजांनी ठरवलं की तो परत मिळेपर्यंत छपराखाली निजायचं नाही, आणि गाडीवरची खाट दिवसा उलटी ठेवायची. किल्ला कुठला, असं मी एकदा विचारलं. बाबांनी उत्तरेकडे हात केला. उत्तरेकडे यवतमाळ होतं.

"मंग भेटला काय थो किल्ला?" मायनं मधेच विचारलं. हा प्रश्न ती चाळीस वर्षं विचारत होती.

"भेटन," बाबा म्हणाले.

या शपथेचा बाबांनी स्वतःपुरता एक सोपा अर्थ लावून घेतला होता. चाकावर जे असेल ते चालतं, चाकाशिवायचं चालत नाही. म्हणून त्यांना साहेबांची खुर्ची चालायची. दवाखान्यात एकदा ताप आला म्हणून नेलं, तर खाटेवर निजेनात. शेवटी ज्या ढकलगाडीवरून आत आणलं होतं, तिच्यावरच दोन दिवस सलाईन लावली. नर्सबाई कंटाळून म्हणाल्या की हा पेशंट सारखा जागा बदलतो. बाबा त्या ढकलगाडीवरूनच रात्रंदिवस वऱ्हांड्यात फेऱ्या मारून इतर पेशंटांची चौकशी करत होते.

त्यांची दुसरी खोड म्हणजे हातोडी. वीतभर दांड्याची एक लहान हातोडी कायम त्यांच्या कमरेला असायची आणि दिसेल ती वस्तू ते तिनं वाजवून बघायचे. आवाजावरून लोखंडाची जात कळते, हे खरं. पण बाबा लोखंडावर थांबायचे नाहीत. मडकं वाजवायचे, दार वाजवायचे, टरबूज वाजवायचे. माझ्या स्कुटीला तीन ठिकाणी ठोकून ते म्हणाले, "म्याडम, हे गाडी नोय. डबा हाय. आतमंदी शेव ठेव." अल्युमिनियमच्या भांड्यांवर त्यांचा विशेष राग. आमच्याकडे त्याला जर्मन म्हणतात. जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, केलेला चहा ते पीत नसत. पिण्याआधी गंज वाजवायचे, आणि मग कप तसाच परत करायचे. मला वाटतं निम्म्या गावानं त्यांच्यामुळे चहाची भांडी बदलली.

गिऱ्हाइकांशी तर ते असे वागायचे की बघणाऱ्याची करमणूक व्हावी. विळा मागायला माणूस आला की आधी त्याला चालायला लावायचे, मग वाकायला लावायचे, मग हात हातात घेऊन बराच वेळ बघायचे. एका माणसाला त्यांनी तयार विळा द्यायचं साफ नाकारलं, कारण तो डावखुरा होता.

"तुले हा नाई जमाचा. उद्या ये, डाव्या हाताचा करून ठेवतो."

"बाबा, मी चाळीस वर्सं असाच विळा चालवून राह्यलो."

"म्हून त तुया वावराच्या धुऱ्यावरचं गवत तसं दिसते," बाबा म्हणाले.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. तालुक्यात बैल कमी झाले, बैल कमी झाले तशी वखर-डवऱ्यांची कामं कमी झाली. लोक नवं काही घडवून घेत नव्हते, जुन्यालाच धार लावून मागत होते. बाबांना त्याची चिंता नव्हती असं नाही. ती त्यांच्या तऱ्हेनं बाहेर पडायची. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की ते काम थांबवून, तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. मग म्हणायचे, "एवढा मोठा झाला, पण हंबरता येत नाई."

पण भट्टीवर बसलेले बाबा बघायचे असतील तर माय समोर हवी. लोहारकामात चिमट्यानं लोखंड धरणारा पुरुष आणि घण मारणारी बाई. बाबांची हातोडी जिथे टक् करून वाजेल, तिथे मायचा घण पडणार. बोलणं काही नाही. हातोडी तापल्या लोखंडावर एकदा वाजली की मार. ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजली, टक् टक्, की थांब. घण हवेत असला तरी ती तिथल्या तिथे थांबवायची. चाळीस वर्षं ही दोघं अशीच बोलत आली होती, आणि त्या बोलण्यात मायचे गुडघे गेले होते.

घरकुल कशाला हवं, असं मी तिला फॉर्म भरताना विचारलं. कारण फॉर्ममध्ये रकाना होता. मला वाटलं पावसाचं सांगेल, दुखण्याचं सांगेल.

"मले एक दार पायजे," माय म्हणाली. "आतून कडी लावाची. बाहेरून कोणी इचारलं कोण हाय, त म्या सांगाचं, म्या हावो."

"बाहेरचा विचारत नाही माय, आतला विचारतो."

"मंग म्या इचारीन. जिंदगीत एकडाव त इचारू दे. गाडीले कुठी दार असते, बाई? या बुढ्यानं दुनियेच्या दाराले कड्या करून देल्या. माया नशिबात एक नाई."

त्या रकान्यात मी 'निवाऱ्याची गरज' असं लिहिलं. पण ते दार माझ्या डोक्यात जे बसलं, ते बसलंच. काही करून या बाईला कडी लावायला मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटलं.

बाबा घराला हो म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. गावाबाहेर निंबाच्या झाडाजवळ जागा मिळाली, मी जोत्याची मापं घेतली, आणि मग मला कावीळ झाली. महिनाभर मी यवतमाळला आईच्या हातचं पथ्य खात पडले होते. तेवढ्यात घर उभं राहिलं. शिपायानं जाऊन लाभार्थ्याचा घरासमोर फोटो काढला, फाइलीला लावला, आणि फाइल वर गेली.

मी कामावर परत आले त्याच दिवशी वरून पत्र आलं होतं. साहेबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. 'सोबतच्या छायाचित्रात सदर घरकुलास बैल जुंपलेले दिसून येतात. तरी सदर घरकुल स्थावर आहे की जंगम, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. अन्यथा मंजुरी रद्द करण्यात येईल.'

मी फोटो बघितला. घर होतं, पत्र्याचं छप्पर होतं, दारात बाबा छाती काढून उभे होते. आणि बाजूच्या खिडकीतून एक लांबलचक लाकडी दांडा बाहेर आला होता, त्याला जू होतं आणि जुवाला दोन्ही बैल.

मी स्कुटी काढली. म्हणजे बाबांच्या भाषेत डबा काढला.

झालं होतं असं, की जोतं तयार झाल्याबरोबर बाबांनी आपली गाडी त्याच्यावर चढवली आणि गवंड्याला सांगितलं, आता बांध. गवंड्यानं बांधलं. चारी बाजूंनी भिंती, वर पत्रे, मधे गाडी. दांडा मावेना म्हणून खिडकी त्याच्या मापानं ठेवली. बाबा रात्री गाडीवरच निजत होते, चाकावर, शपथेला धक्का न लावता. छपराचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "छपराखाली गाडी हाय. म्या गाडीवर हावो." आणि फोटोत बैल कशाला जुंपले? "फोटोत सारं घर आलं पायजे ना, म्याडम."

माय कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती, कारण गाडीनं बाकी जागाच ठेवली नव्हती. दार होतं, पण चाक आडवं येत असल्यामुळे ते पुरतं लागत नव्हतं. कडी बसवायचा प्रश्नच नव्हता.

"बाबा, गाडी बाहेर काढा. पंधरा दिवसांत. नाहीतर घर जाईल."

बाबांनी गाडीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग हातानं दोन्हींची रुंदी मापली. हा विचार त्यांना तोपर्यंत शिवलाच नव्हता. जन्मभर त्यांनी गाडी घरातून बाहेर काढलीच नव्हती ना.

दार मोठं करायचं तर भिंत पाडावी लागणार. पाडलेल्या भिंतीचं घर तपासणीत पास होणार नाही. मी म्हटलं, त्यात काय, गाडी खोला, चाकं वेगळी, आस वेगळी, वरचा लाकडी साटा वेगळा, आणि बाहेर नेऊन जोडा. लोहाराला काय कठीण? बाबांचा चेहरा उतरला.

"आमच्यात गाडी खोलत नाई, म्याडम. गाडी उभी, तवापर्यंत माणूस उभा. माणूस मेला का मंगच गाडी खोलतेत. जित्या माणसाची गाडी खोलली त समजा त्याले मारलंच."

इंजिनियरिंगच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. दिवस जात राहिले. मी रोज जायचे, बाबा रोज दार मापायचे, जणू रात्रीतून ते वाढलं असेल. माय त्या न लागणाऱ्या दाराला पाठ लावून बसायची. साहेब शुक्रवारी स्वतः तपासणीला येणार असं ठरलं, आणि सोमवारी मी ते सांगायला गेले. बाबांनी पुन्हा तेच ऐकवलं, माणूस मेल्याबिगर गाडी खोलता येत नाई.

"मंग मर," माय म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. रागानं नव्हे. एखादं अवघड काम कसं सोपं होईल ते अचानक दिसल्यावर कारागीर बघतो, तसे. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी. शुक्रवारी साहेब येऊन राह्यला."

राजूरकडे बाबांचा धाकटा भाऊ भट्टी लावून होता, त्याला निरोप गेला. गुरुवारी सकाळी तो दोन माणसं घेऊन आला. सगळं रीतसर. बाबांनी अंघोळ केली, दोन भाकरी खाल्ल्या, चहाचा गंज वाजवून चहा प्यायला, आणि निंबाखाली घोंगडीवर आडवे झाले. मायनं त्यांच्या तोंडावर धोतर ओढलं. हातोडी मात्र ते सोडेनात. हातात घेऊनच मेले.

भावानं आत जाऊन चाकाची खीळ ठोकायला सुरुवात केली. चार ठोके झाले नसतील, तोच प्रेत उठून बसलं.

"तिकडून नाई बे. खालून मार. वरून फाटन थे."

"तू मेला हाय ना?" भाऊ आतून ओरडला. "चूप राह्य."

बाबा आडवे झाले. पुन्हा दोन मिनिटांनी उठले, आस कशी धरायची ते सांगायला. तिसऱ्यांदा मायनं त्यांच्या छातीवर हात ठेवून दाबूनच धरलं. मी हसून हसून झाडाला टेकले होते, तेवढ्यात रस्त्यावर जीपचा आवाज आला. साहेब एक दिवस आधीच आले होते. शुक्रवारी त्यांना कुठलंसं लग्न होतं.

साहेब उतरले आणि त्यांनी पाहिलं ते असं: झाडाखाली झाकलेलं प्रेत, शेजारी म्हातारी, आणि घरातून तीन माणसं एक भलंमोठं चाक बाहेर आणतायत. माणूस चांगला होता. त्यांनी लगेच चपला काढल्या. मी खुलासा करायला पुढे झाले. मायनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गळा काढला. आधी ते खोटंच होतं. पण दोनचार हुंदके झाले आणि ती खरीच रडायला लागली. चाळीस वर्षांच्या त्या गाडीचं चाक मातीत आडवं पडलेलं तिनं पाहिलं असावं, नाहीतर धोतराखालचं ते नाक. तिला आवरेना. ती मोठमोठ्यानं रडत सुटली.

आणि मग धोतराखालून, हात न उचलता, हातोडी शेजारच्या दगडावर वाजली. टक् टक्.

माय रडता रडता अर्ध्या हुंदक्यात थांबली. एकदम. घण हवेत थांबावा तशी.

साहेब दचकले. "काय वाजलं?"

"आत... आत चाक काढतायत, सर," मी म्हणाले.

साहेब मायजवळ उकिडवे बसले. "केव्हा गेले, आजी?"

"सकायीच," माय म्हणाली. "भाकर खाऊन."

"कशानं?"

"गाडी खोलाची होती."

साहेबांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. दुःखानं म्हातारीचं भान गेलं, असं त्यांना वाटलं. मग ते घरात डोकावले. घर रिकामं झालं होतं. खिडकीतला दांडाही निघाला होता. भिंती पाहिल्या, पत्रा पाहिला, सगळं स्थावर होतं. त्यांनी जीपच्या बॉनेटवर फाइल ठेवली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'लाभार्थी मयत. घर सुस्थितीत. पत्नी हयात असल्याने घरकुल तिच्या नावे करावे.' मला म्हणाले, "मॅडम, आजच करून टाका. या बाईला हेलपाटे नकोत."

मी "हो सर" म्हणाले. नोकरीत मी अनेकदा "हो सर" म्हणाले आहे, पण इतक्या मनापासून कधीच नाही.

जीप वळणाआड गेली तरी बाबा उठेनात. मी जवळ जाऊन हाक मारली तर धोतरातून म्हणाले, "गाडी उभी झाली काय? बिना गाडीचा उठू कसा?" मग घाईघाईनं गाडी अंगणात जोडली, चाकं चढवली, वर खाट उलटी घातली. तेव्हा कुठे बाबा जिवंत झाले. पहिलं वाक्य बोलले ते भावाला. "खीळ ढिली बसवली तू."

दुसरं काम त्यांनी भट्टी पेटवायचं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. लोखंडाचा एक चांगला तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, तो काढला. माय फडकी आवळून समोर उभी राहिली. टक् म्हटलं की घण, टक् म्हटलं की घण. दुपारभर खपून त्यांनी एक कडी केली, तीही अशी की टोकाला वळण देऊन वर एक फूल काढलं. लोकांच्या दारांना त्यांनी कधी फुलं काढून दिली नव्हती. मी कडी हातात घेतली तर म्हणाले, "वाजवून पाह्य." वाजवली. छान वाजली.

कडी ठोकून झाली. माय आत गेली, दार लावलं, आतून कडी घातली. आम्ही सगळे बाहेर उभे. बाबा पुढे झाले आणि हातोडीनं दारावर एकदाच वाजवलं. टक्.

"कोण हाय?" माय आतून म्हणाली. तिचा आवाज भलताच खुशीत होता.

"म्या हावो."

"म्या कोण?"

बाबांनी जरा विचार केला. "सकायी मेलतो थो," ते म्हणाले.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले. घर कागदोपत्री मायचं, अंगणातली गाडी बाबांची. ती आत निजायची, ते गाडीवर. रोज सकाळी ते दारावर एक टक् द्यायचे, ती कोण हाय विचारायची, आणि समाधान होईल असं उत्तर मिळालं तरच कडी काढायची. नाहीतर चहा उशिरा. साहेबांनी एकदा बाबांना बाजारात पाहिलं आणि मला म्हणाले, "त्या मयताचा भाऊ ना हा? चेहरा किती मिळतो हो." मी म्हणाले, "फारच मिळतो, सर."

मग माझी बदली वणीला झाली. बाबा खरोखर गेले ते मला महिनाभरानं कळलं. मी गेले तेव्हा माय दारात बसली होती. अंगणात गाडी जशीच्या तशी उभी, चाकं जागच्या जागी, वर खाट उलटी. मला आश्चर्य वाटलं.

"माय, गाडी खोलली नाही?"

"माया धाकला देर आलता खोलाले. म्या नाई म्हटलं. एकडाव खोलली हाय ना, रिवाज होऊन गेला. किती डाव खोलाची?"

मी रात्री तिच्याकडेच राहिले. निजायची वेळ झाली तेव्हा मी सवयीनं दार लावायला उठले आणि कडीला हात घातला. ते फूल हाताला गुळगुळीत लागलं, इतकी वर्षं तिनं ते फिरवलं होतं.

"राहू दे, बाई," माय अंथरुणातून म्हणाली. "आताशा नाई लावत म्या."

"काहून?" मी विचारलं.

"गाडी उभी हाय ना," ती म्हणाली. "अन् एकडाव मरून उठला हाय थो. त्याचा काही भरोसा नाई."